धबधब्याच्या वरचं पाणी

“लाल ठिपका दिसला, की पाण्यात परत सोडायचं नाही. बाकीचे सगळे सोड. हा नाही.”

गळाने मासे धरणाऱ्यांच्या संघाच्या सभेत बसल्या बसल्या झोर्काला दुशानचा जुना आवाज ऐकू येत होता. तिच्या या दिवंगत नवऱ्याने तीस वर्षं सोचा नदीची राखण केली होती. इथल्या मूळ ट्राउट माशाच्या अंगावर संगमरवरासारखी नक्षी असते, लाल ठिपका नसतो. ठिपका म्हणजे बाहेरून आणून सोडलेल्या माशांचा संकर. खालच्या पाण्यात तो सगळीकडे पसरला होता. निखळ मासे उरले होते ते फक्त धबधब्याच्या वर. तिथे गळ टाकायला कुणालाच परवानगी नव्हती.

माशांचा अभ्यास करणारी नेझा उभी राहून सांगत होती. वरच्या तीस माशांपैकी अकरा संकराचे निघाले. मासे हा धबधबा चढू शकत नाहीत. कुणीतरी वर नेले.

सगळ्या माना द्रागोकडे वळल्या. त्याची खाणावळ धबधब्याच्या वाटेवर, आणि मागच्या तळ्यात बाहेरचे मासे. द्रागो म्हणाला, बायको वीस वर्षं मागे लागलीय, तिला अजून धबधब्यावर नेलं नाही, मासे कुठून नेऊ? लोक हसले. मग त्याला संघातून काढायला हात वर झाले. झोर्कानेही मान खाली घालून हात वर केला.

चार वर्षांपूर्वी, दुशान गेला त्या वर्षी, हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी ती धबधब्याखाली उभी होती. पाण्यातून किडे पंख उलगडत वर निघत होते. तिच्या गळावरच्या पिसांच्या खोट्या किड्याला एक मादी लागली. पोट अंड्यांनी भरलेलं, कुशीवर तीन लाल ठिपके. झोर्काने दांडू उचलला, पण टोला घालवेना. घरातून एक जीव जाऊन चार महिनेही झाले नव्हते. इथे सोडली तर उद्या दुसरा कुणी मारणार. वर कुणी येत नाही. एका मासळीने काय होतंय, असं म्हणत तिने बादलीत पाणी घेतलं आणि पायवाट चढली. उतरताना तिचं मन हलकं झालं होतं.

सभेनंतर तीन दिवस रोजची जपमाळ पुरी होईना. बोट एकाच मण्यावर अडकून राही. चौथ्या दिवशी ती खाणावळीत गेली. द्रागो आंबवलेल्या कोबीचं सूप ढवळत होता. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“ठाऊक आहे, वहिनी,” तो ढवळता ढवळता म्हणाला. “या खिडकीतूनच पाहिलं होतं. बादली घेऊन चढताना.”

“मग सभेत बोलला का नाहीस?”

“उतरताना तुम्ही गात होता. दुशान गेल्यापासून पहिल्यांदाच.” त्याने चव घेऊन मीठ टाकलं. “आता राहू द्या. माझं नाव तसंही कुठे फार चांगलं होतं.”

“रविवारी सांगेन,” झोर्का म्हणाली. “सगळ्यांसमोर. शब्द देते.”

रविवारी प्रार्थना संपली. संघातली माणसं नेहमीसारखी चर्चच्या पायऱ्यांखाली गप्पा मारत थांबली. द्रागो लांब, फाटकाशी एकटा उभा होता. तिला पाहून त्याने हळूच मान हलवली, नको म्हणून.

झोर्काने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि ती पायऱ्या उतरू लागली.