भिंतीपलीकडचं टोक

काकांच्या जुन्या कॉम्प्युटरची मला आधीपासूनच किळस. कीबोर्डच्या फटींत कापलेली नखं, माऊसवर तेलकट थर. म्हटलं, वायफायचं बोटभर अडॅप्टर खोचतो आणि सुटतो.

"हवेतून येतं त्याचा काय भरवसा?" काका म्हणाले. "वायरच टाक."

वायरचं एक टोक कॉम्प्युटरला लावलं आणि दुसरं भिंतीच्या भोकातून सरकवलं. पलीकडच्या खोलीत काकू ते धरून राऊटरला लावणार होती. तिकडून लगेच ओढ लागली. वायर सरसर आत जाऊ लागली.

"काकू, जरा हळू ओढ!"

"मी कुठे ओढतेय? आत्ता तर हात धुऊन येतेय." काकू माझ्या मागे दारात उभी होती.

वायर अजून जातच होती. मी जोर लावून ती मागे खेचली. टोक बाहेर आलं ते कोमट, लाळेने बुळबुळीत, आणि प्लग चावून चावून चोथा झालेला. त्यात एक लांब केस अडकला होता. मी ते टोक फरशीवर फेकलं.

काकांनी स्क्रीनवरची नजरही काढली नाही.

"शाब्बास! नेट आलं बघ."