बुरुलचं बाळ

बाळाच्या टाचेतून काढलेल्या रक्ताचा निकाल घेऊन शहरातली नर्स आली, ती थेट शेजारच्या बुरुलच्या फाटकाशी. म्हातारी बुरुल तर वर कुरणात गेलेली, घोड्या दोहायला.

"बुरुलचं बाळ कुठाय?" नर्स रस्त्यावरूनच ओरडली.

खिडकीआड पाजत बसलेल्या आयझिरेकने चमकून बाहेर पाहिलं. बुरुलचं बाळ तिच्याच मांडीवर होतं! आधीची दोन अशीच पिवळी पडून, ओकून ओकून गेली, म्हणून सासूने हे तिसरं जन्मल्या जन्मल्या रीतीप्रमाणे शेजारणीला विकलं आणि परत विकत घेतलं. नावसुद्धा सतिबाल्दी, म्हणजे विकत आणलेला. टाचेचं रक्त घेताना आईचं नाव विचारलं, तेव्हाही सासूने ठणकावून सांगितलं, बुरुल. मरणाला पत्ता लागायला नको ना!

"अहो, कुणी आहे का? त्याला दूध पचत नाही! जन्मतःच दोष आहे. आईच्या दुधाचा घोटन्‌घोट विष होतोय त्याला!"

"ऐकलंत, एने?" आयझिरेक सासूकडे वळली.

"आईचं दूध म्हणे विष!" सासू फणकारली. "पोटातले चांगले जंतू कमी पडलेत, दुसरं काय! घोडीचं आंबवलेलं दूध चाटवलंय मी सकाळीच."

"तेही दूधच ना, एने!"

"गप! तोंडातून 'माझं' निघालं तर ऐकेल ते मरण. दोन नेली त्याने."

बाहेर गाडीचं दार आपटलं. इंजिन घरघरलं.

सतिबाल्दी चुटूचुटू पीत होता. त्याने डोळे किलकिले केले. पांढरं असायला हवं तिथे पिवळंजर्द.

आयझिरेकने बोट घालून त्याचं तोंड सोडवलं. त्याने टाहो फोडला. त्याला छातीशी धरून ती अनवाणीच धावत सुटली.

"थांबा! माझा आहे तो! माझा, माझा!"

गाडी थांबली. नर्सने दार उघडून दोघांना आत ओढलं.

मागून सासू धापा टाकत आली. अंगावरची शाल काढून तिने बाळाभोवती घट्ट गुंडाळली, वाकून त्याचं कपाळ हुंगलं. मग रिकाम्या रस्त्याकडे वळून घसा फाटेस्तोवर ओरडली,

"खोटं बोलतेय ही! ऐकलंस का रे? तिचं नाही ते! आमचं कुणाचंच नाही!"