धुडगूस

सुई टोचली तरी भुंग्या डॉक्टरांच्या टेबलावर गुमान बसून राहिला. रेवती चिडली. याच पिल्लानं सकाळी तिची नवी चप्पल फाडली होती.

"परक्यांपुढे ती शहाणीच असतात," डॉक्टर हसले. "धुडगूस घरच्यांसाठी राखून ठेवतात."

साखळी धरून शेजारी केतकी उभी होती, रेवतीच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची लेक. लग्नाला सहा महिने झाले, तरी पोरीचं आपलं 'हो काकू, चालेल काकू.' स्वतःचं ताटसुद्धा घासून ठेवायची. सगळे नावाजायचे, रेवतीही. त्या दिवसापासून तिनं नावाजणं सोडलं.

पंधरवड्यानं जेवताना केतकीनं ताट ढकललं. "परत दोडका? मी नाही खाणार, जा!"

नवरा डोळे वटारून उठला. रेवतीनं त्याला हात धरून खाली बसवलं.

"गप्प बसा हो. पंधरा दिवस वाट बघतेय मी या फणकाऱ्याची."