तड्यावरची काच

सरकारी इंजिनिअर नीळकंठराव म्हणजे भिंतींची नाडी ओळखणारा माणूस. कापसाविना बंद पडलेल्या जिनिंगच्या चाळीत तानाबाईच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा त्यांनी त्यावर आडवी काच चिकटवली. काच तडकली तर भिंत सरकतेय, खोली रिकामी करायची. नाहीतर खुशाल राहायचं.

भर मे महिन्यात ते पुन्हा आले. काच शाबूत होती, फक्त तिच्यावर वाफ धरली होती.

"पलीकडे कोण राहतं?"

"कोनी नाही जी. मांगं तं नुसतं वावर हाये. खोली वाचली ना साहेब?"

"वाचली! ही वाफ माझ्याच श्वासाची." ते हसले आणि तिला पटावं म्हणून नाक-तोंड दाबून उभे राहिले.

वाफ विरली. मग सावकाश पुन्हा धरली, आतून.