ठकीचा सौदा

जिन्याच्या वळणावरची बशी रिकामी होती. वरच्या मजल्यावरचीही रिकामी. भिंतीवर चिकटवलेला कागद तिने दोनदा वाचला. जिन्यात आज उंदरांचं औषध ठेवलं आहे, पाळीव जनावरं घरात ठेवा.

तिची नजर आपल्या दाराकडे गेली. दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक फट होती आणि त्या फटीत कोंबलेला चिंध्यांचा बोळा बाहेर पडला होता. सकाळी कामावर जायच्या घाईत तो बघायचा राहिला होता.

ती घाईने घरात शिरली.

आत बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

"लवकर आलीस?"

"कारखान्यात काम कमी होतं." ती पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात होती. "ठकी कुठाय बाबा?"

"असेल इथंच. आज बाईंच्या पायाला भिंगरी लागलीये. घडीत आत, घडीत बाहेर. खेळ मात्र फक्कड मांडला होतास हं."

"हं," ती म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं.

ठकी म्हणजे ओंजळीत मावेल एवढी करडी उंदरी. आई गेल्यावर बाबांनी बोलणं टाकलं होतं. ताट पुढे आलं तर जेवायचे, नाही आलं तर मागायचे नाहीत. मग तिने ठकी आणली. पाळलेल्या उंदराला आयतं दिलं की तो सुस्तावतो, शोधायला लावलं की खुलतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणून ती कारखान्यातून पुठ्ठ्याच्या नळ्या आणायची. नळीत चुरगळलेला कागद, कागदात बिया, टोकं आत दुमडलेली. खोक्यात चिंध्या, चिंध्यांच्या तळाशी चार दाणे. आणि घरभर दडवलेल्या कागदाच्या पुड्या.

पुड्यांचा खेळ बाबांचा. ठकीने पुडी फोडायची नाही, दातांत धरून त्यांच्याकडे आणायची, बदल्यात शेंगदाणा घ्यायचा. बाबा तळहात पसरून गुणगुणायचे,

"ठके बाई, ठके बाई, सौदा कर,
तुझं मला, माझं तुला, ओंजळ भर."

पुडीत मधात घोळलेले गहू असायचे. ते बाबांनी तिच्यादेखत खायचे. नुसते बाजूला ठेवले तर ठकी पाठ फिरवून बसे, पुढची पुडी देत नसे. तो रुसवा पाहिल्यावर, खरं तर बोटांनी चाचपल्यावर, बाबा पहिल्यांदा हसले होते. त्या दिवशी तिने स्वयंपाकघरात जाऊन पदराने तोंड दाबून रडून घेतलं होतं.

ठकीला काही झालं तर ते हसू जाईल. बाबा पुन्हा मनाची कवाडं लावून बसतील आणि या खेपेला ती उघडायची नाहीत.

"काय गं, धाप का लागलीये?"

"जिना चढून आले ना."

"काही लपवत नाहीस ना?"

"तुमच्यापासून काय लपवणार?"

स्वयंपाकघराचं दार लोटून तिने कागदावरच्या नंबरला फोन लावला. हळू आवाजात.

"पुड्या होत्या ताई," औषधवाला म्हणाला. "औषध लावलेले गहू. निळे, चवीला गोडूस. किती गेल्या?"

"सगळ्या. माझी पाळलेली उंदरी मोकळी आहे हो."

"मग एकटीने नाही खाल्ल्या तिने. तेवढ्यात तिचं अख्खं खानदान जेवून उठेल."

"खाल्लं असेल तर कळतं का?"

"लगेच नाही. दोन-तीन दिवस मजेत हिंडतात. म्हणून तर संशय येत नाही त्यांना."

ती बाहेर आली. खाटेखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. ठकी चिंध्यांच्या खोक्यात निपचित पडली होती. पोट तट्ट फुगलेलं. बाबांच्या हाताशी शेंगदाण्यांची वाटी रिकामी होती आणि पुड्यांचे कागद रोजच्यासारखे घड्या घालून ठेवलेले होते. तिने ठकीला उचललं. ठकीने एक डोळा उघडला.

"हिची नखं कापून आणते बाबा."

"आत्ता? बरं. पण लवकर आण, करमत नाही तिच्याशिवाय."

जनावरांची डॉक्टरीण पलीकडच्याच गल्लीत होती. तिने ठकीचं तोंड उघडून उजेडात धरलं. नाक पाहिलं, पंजे पाहिले, पोट दाबलं.

"ते निळे गहू ना? मग हिने एकही खाल्लेला नाही. त्याचा रंग तोंडातून सहज जात नाही. हिची जीभ बघा, गुलाबाची पाकळी नुसती."

"पण पोट?"

"शेंगदाणे. अधाशीपणावर माझ्याकडे औषध नाही." डॉक्टरीण हसली. "तुम्हीच पांढऱ्याफटक पडलाय. तुमची नाडी बघू का?"

"मग पुड्या गेल्या कुठे?"

"दातांत धरून कोणीतरी नेल्या असतील. उंदीर नेतातच. आपल्या माणसांसाठी साठवतात."

परतीच्या वाटेवर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. ठकी पिशवीतून नाक काढून वारा हुंगत होती. जिन्यातल्या रिकाम्या बश्यांकडे तिने या वेळी पाहिलंही नाही. घरात शिरल्या शिरल्या फटीत बोळा घट्ट बसवला आणि ठकीला बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या तुमची लेक. धडधाकट आहे."

"म्हणजे? तिला काय झालं होतं?"

"काही नाही बाबा. उगीच घाबरले होते मी." आता सांगायला हरकत नव्हती, पण कशाला. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. "तुम्ही जेवलात का?"

"भूकच नाही. हिने दिवसभर भरवलं की. मध मात्र आज वेगळा वाटला गं."

तिने मान वर केली. खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं. ठकीने मिशांनी हनुवटीला गुदगुल्या केल्या, बाबा तोंडभर हसले, आणि त्यांची जीभ निळीशार होती.