शेवटच्या पायाळू

नातवंड पायाळू जन्मलं असतं, तर खरा फायदा द्वारकाबाईंचा होता. पोटातलं बाळ फिरवणारा पट्टा घरोघरी आल्यापासून पायांकडून जन्मणारी मुलं संपली होती. पाठीत उसण भरायची मात्र थांबली नव्हती. उसणीवर पायाळूचाच पाय लागतो, आणि तालुक्यात पायाळू उरल्या होत्या एकट्या गोदाआत्या, त्याही सत्तरीच्या. पुढची रांग द्वारकाबाईंच्याच दारात लागली असती.

म्हणून आठव्या महिन्यात बाळ पायाळू दिसताच त्यांनी पट्टा कपाटात कोंडला आणि घाबरलेल्या सुनेला, रेवतीला, समजवायला गोदाआत्यांनाच बोलावलं.

"आत्या, हिला सांगा, केवढा मान असतो!"

"असतो तर! मोठमोठे साहेब माझ्यापुढे पालथे पडतात." आत्यांनी रेवतीच्या पोटावर हात ठेवला. "द्वारके, पट्टा काढ."

"अहो, तुमचं काय वाईट झालं?"

"माझं काहीच नाही. मान मला मिळाला, पाठी लोकांच्या सुटल्या. भरलं ते माझ्या आईनं. मला बाहेर काढतानाच ती गेली."

पट्टा द्वारकाबाईंनी स्वतःच्या हातांनी बांधला. या खेपेला सोसावं लागणार होतं ते फक्त तालुक्यातल्या दुखऱ्या पाठींना.