राहत नसल्याचा दाखला

बारा महिने क्रिकेट सामन्यांसाठी गावोगाव फिरणारे अंपायरसाहेब घटस्फोटानंतर भाड्याच्या खोलीत राहायला गेले. वर्षाअखेरीस पालिकेने त्यांच्या नावावर माणशी सफाईपट्टी दोनदा लावली: एकदा खोलीची, एकदा जुन्या घराची. एक माणूस दोन घरांत कचरा कसा करेल, असं विचारायला ते तावातावाने पालिकेत गेले.

"तुम्ही तिथे राहत नाही, हे त्या घरात राहणाऱ्यांकडून लिहून आणा," खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

म्हणजे माजी बायकोकडून! दोन दिवस टाळाटाळ करून शेवटी अंपायरसाहेबांनी नाक मुठीत धरून जुन्या घराची बेल वाजवली. तिने दारातच उभ्या उभ्या चार ओळी खरडल्या, सही ठोकली आणि पाकीट चिकटवून त्यांच्या हातात दिलं. ना वाद, ना टोमणा. काम इतक्या सहज झालं, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

पालिकेतल्या बाईंनी पाकीट फोडलं, पत्र दोनदा वाचलं आणि शेजारच्या टेबलाला हाक मारली.



"अहो, यांना मागच्या चौदा वर्षांचीही पट्टी परत द्यायची का? यांच्या माजी बायकोने लिहिलंय, लग्न झाल्यापासून हा माणूस या घरात राहिलेलाच नाही!"